तिरप्या उजेडातला बर्फ

२९ सप्टेंबर २०२२, गुरुवार. नवरात्रातली चौथी माळ. गोव्यातल्या देवळांतून रात्रीच्या मखरोत्सवाची तयारी चालली होती. दुपारी तीन वाजून सहा मिनिटांनी, इथून सुमारे एकोणसाठ कोटी किलोमीटर अंतरावर, ‘जुनो’ हे यान गुरूच्या युरोपा या चंद्राला जवळजवळ घासून पुढे गेले. युरोपाच्या बर्फापासून त्याची उंची होती सुमारे ३५५ किलोमीटर आणि वेग सेकंदाला २३.६ किलोमीटर. या वेगाने तेरेखोलच्या किल्ल्यापासून पोळ्याच्या नाक्यापर्यंतचा सगळा गोवा पाच सेकंदांत मागे पडेल.

इतक्या जवळून युरोपाचे चित्र याआधी ‘गॅलिलिओ’ यानाने घेतले होते, ३ जानेवारी २००० रोजी, ३५१ किलोमीटरांवरून. मधली बावीस वर्षे कोणीही त्याच्या इतक्या जवळ फिरकले नव्हते. जुनोच्या हाती युरोपासाठी जेमतेम दोन तास होते. तेवढ्यात त्याच्या रंगीत कॅमेऱ्याने चार चित्रे टिपली आणि दुसऱ्या एका कॅमेऱ्याने एक काळेपांढरे चित्र. एकूण पाच.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, गुरू प्रतियुतीत होता आणि १९६३ नंतर पहिल्यांदाच पृथ्वीच्या इतक्या जवळ आला होता. सूर्य मावळला की पूर्वेला गुरू ठळक दिसायचा. साध्या दुर्बिणीतून त्याच्या शेजारी एका रेषेत चार ठिपके दिसत. त्यांपैकी एक युरोपा. त्या ठिपक्यावर काय आहे ते आपल्याला इथून कधीच दिसणार नाही. त्यासाठी ती पाच चित्रेच हवीत.

त्या पाच चित्रांनी पुढच्या काही वर्षांत बरीच उलथापालथ केली. नकाशावरचे एक विवर खोडले गेले. बर्फाचे सबंध कवच जागचे सरकले असावे या जुन्या तर्काला बळ मिळाले. आधी नीट न दिसलेला एक तुकडा अभ्यासकांच्या चर्चेत आला. हे सारे का घडले, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या ताकदीत फारसे नाही. ते आहे उजेडात: तो कुठून आला, किती तिरपा होता, आणि सूर्याचा होता की आणखी कुणाचा. युरोपाचे चित्र वाचायला बसायचे तर सुरुवात तिथून करावी लागते.

दुर्बीण आली ती गोव्यात

गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले ते जानेवारी १६१० मध्ये. त्यानंतर आठच वर्षांनी, ऑक्टोबर १६१८ मध्ये, लिस्बनहून निघालेले एक जहाज गोव्याला लागले. चीनला निघालेले जेझुइट पाद्री त्यावर होते. त्यांच्यातला योहान श्रेक हा रोमच्या ज्या विद्वत्सभेत गॅलिलिओ होता, त्याच सभेचा सदस्य. त्याच्या सामानात दुर्बीण होती. त्या वर्षाच्या अखेरीस आकाशात धूमकेतू दिसले. श्रेकचा सहप्रवासी वेन्सेस्लास किर्विट्झर याने गोव्यातून त्यांचे वेध घेतले आणि ती निरीक्षणे १६२० मध्ये युरोपात छापून आली.   

पुढची साडेतीनशे वर्षे युरोपा ठिपकाच राहिला. एवढे कळले की तो ३.५५ दिवसांत गुरूभोवती फिरतो, आतला आयो तेवढ्यात दोन फेऱ्या करतो आणि बाहेरचा गॅनिमीड अर्धी. या तालबद्ध ओढाताणीमुळे युरोपाची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. गुरू त्याला कधी जास्त ताणतो, कधी कमी. या ताणण्या-सोडण्यातून आत उष्णता निर्माण होते. बर्फाखाली पाणी द्रवरूपात राहू शकते ते या उष्णतेमुळे.

९ जुलै १९७९ रोजी ‘व्हॉयेजर २’ जवळून गेले तेव्हा युरोपाचा चेहरा पहिल्यांदा बऱ्यापैकी दिसला. पांढरा, गुळगुळीत आणि तपकिरी रेषांनी भरलेला. विवरे जवळपास नव्हतीच. मग ‘गॅलिलिओ’ यान आले. त्याची मोठी अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही, त्यामुळे चित्रे फार हळू, मोजकीच पाठवता आली. तरीही १६ डिसेंबर १९९७ च्या फेरीत त्याने काही ठिकाणी सहा मीटरपर्यंतचे बारकावे टिपले. ‘कोनामारा’ नावाच्या भागात तर बर्फाचे ठोकळे मोडून, फिरून, पुन्हा गोठलेले दिसले. खाली समुद्र असावा, हा विश्वास त्या चित्रांनी पक्का केला. पण अशा बारीक चित्रांचे तुकडे युरोपाच्या फार थोड्या भागाचे आहेत. उरलेल्या भागाचे नकाशे जाडसर चित्रांवर काढलेले आहेत.

पट्ट्यापट्ट्यांचे चित्र

जुनोवरच्या रंगीत कॅमेऱ्याचे नाव ‘जुनोकॅम’. शास्त्रज्ञांनी तो यानावर बसवला तो मुख्यतः लोकांसाठी. गुरूचे चुंबकत्व, गुरुत्व आणि अंतरंग मोजणे हे यानाचे खरे काम, आणि त्यासाठी कॅमेरा लागत नाही. पण चित्राशिवाय लोकांचा जीव रमत नाही. म्हणून कॅमेरा दिला आणि त्याची कच्ची चित्रे सगळ्यांसाठी खुली ठेवली.

कच्चे म्हणजे अगदी कच्चे. जुनो मिनिटाला दोन वेळा स्वतःभोवती फिरते. कॅमेरा यानाच्या कडेला बसवलेला, त्यामुळे त्याच्या डोळ्यासमोरून दृश्य सतत सरकत राहते. तो एका दमात पूर्ण चित्र घेत नाही. पट्ट्या घेतो. एक पट्टी १,६४८ ठिपके रुंद आणि १२८ ठिपके उंच. काचेवर लाल, हिरवी आणि निळी गाळणी बसवलेली असते. तिच्यामुळे एक पट्टी लालची, पुढची हिरव्याची, त्यापुढची निळ्याची. मूळ फाइल उघडली की काळ्या पार्श्वभूमीवर एकाखाली एक रचलेल्या करड्या पट्ट्यांचा उभा गठ्ठा दिसतो. त्यात चंद्र कुठे आहे हे पहिल्यांदा कळतही नाही. गोलाच्या कडेचा एखादा तुकडा इथे, दुसरा तीन पट्ट्या सोडून खाली.

या पट्ट्या जुळवायच्या तर प्रत्येक पट्टी टिपताना यान नेमके कुठे होते, किती फिरले होते, आणि त्या दरम्यान खालचा चंद्र किती सरकला, याचे गणित मांडावे लागते. लांबून टिपलेल्या चित्रात ते सोपे असते. चंद्राच्या शेजारून झपाट्याने निघून जाताना, म्हणजे फ्लायबायमध्ये, मात्र पहिली पट्टी आणि शेवटची पट्टी यांमध्ये यान शेकडो किलोमीटर पुढे गेलेले असते आणि पाहण्याचा कोनही बदललेला असतो. ते सुधारले नाही तर रेषा तुटतात आणि रंग एकमेकांवरून घसरतात. केविन गिल, ब्यॉर्न योन्सन यांसारख्या लोकांनी हे काम आवडीने केले आणि त्यांनी घडवलेली चित्रे जगभर पाहिली गेली. कॅमेऱ्याच्या कामाची धुरा सांभाळणाऱ्या कँडिस हॅन्सन यांच्या गटानेही त्याच चित्रांतून संशोधन केले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वर्तमानपत्रात छापलेला तांबूस, करकरीत रेषांचा युरोपा आणि डोळ्याला दिसला असता तो युरोपा एक नाहीत. रंग वाढवलेले असतात, उजेड-सावलीतला फरक ताणलेला असतो. यात फसवणूक नाही. फिक्या पांढऱ्यावरचा फिका तपकिरी वेगळा दिसावा म्हणून ते करावेच लागते. पण काय केले आहे हे ठाऊक नसले तर वाचक त्या रंगावरून भलतेच निष्कर्ष काढतो.

नसलेले विवर

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची, रत्नागिरी जिल्ह्यातली, आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळची. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती एकत्र गेली. ज्याने ती पाहिली आहेत त्याला एक धडा आपोआप मिळतो: भर दुपारी जाऊ नये. दगडात थोडेसेच कोरलेले प्राणी आणि माणसे माथ्यावरच्या उन्हात दगडात विरून जातात. पायाखाली चित्र असते आणि माणूस त्यावरून चालत जातो. सकाळी लवकर किंवा सूर्य उतरणीला लागल्यावर गेले की प्रत्येक खोबणीला सावलीची एक कड येते आणि चित्र वर उठते. पण तोच तिरपा उजेड चकवतोही. दगडाची नैसर्गिक भेग आणि एखादा उंचवटा यांच्या सावल्या जुळल्या की कुणी न कोरलेला आकार तिथे दिसू लागतो.

युरोपावर अगदी हेच घडले. जुन्या चित्रांवरून काढलेल्या नकाशात ‘ग्वेर्न’ नावाचे एक विवर होते, सुमारे २१ किलोमीटर व्यासाचे. युरोपावर विवरे इतकी थोडी की प्रत्येकाला भाव. कारण विवरांच्या संख्येवरून पृष्ठभागाचे वय ठरते. जुनोकॅमने तोच प्रदेश वेगळ्या उजेडात आणि अधिक बारकाईने पाहिला तेव्हा तिथे विवर सापडले नाही. होत्या त्या एकमेकींना छेदून जाणाऱ्या बर्फाच्या कडा. त्यांच्या सावल्या एकत्र येऊन एक लंबगोल उमटला होता आणि आधीच्या जाडसर चित्रात तो खड्ड्यासारखा दिसला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे मांडले गेले.

ज्यांनी ते विवर नकाशात घातले त्यांनी हलगर्जी केली असे नाही. हाती एकच उजेड होता आणि त्यात जे दिसले ते त्यांनी लिहिले. फ्लायबायची ही मूळ अडचण आहे. कक्षेत फिरणारे यान एकच जागा सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहू शकते. शेजारून निघून जाणाऱ्या यानाला एकदाच पाहायला मिळते. त्या वेळी सूर्य जिथे असेल तिथे. आणि आपल्या डोळ्यांना एक जन्मजात सवय आहे. उजेड वरूनच येतो असे ते धरून चालतात. विवराचे छायाचित्र उलटे धरले की खड्ड्याचा फुगवटा होतो. कोणत्याही मासिकातले चंद्राचे चित्र फिरवून हे ताडून पाहता येते.

त्याच चित्रांत दक्षिण गोलार्धात वीस ते पन्नास किलोमीटर रुंदीचे, उभ्या कडांचे वेडेवाकडे खोलगट भाग आणि भेगांची एक ठरावीक रचनाही दिसली. तसेच खोलगट भाग आणि भेगांची तीच रचना याआधी दुसऱ्या भागांत नोंदवलेली होती. हे सारे एका तर्काशी जुळते: युरोपाचे बर्फाळ कवच खालच्या समुद्रावर सुटे तरंगत असावे आणि कधीकाळी ते सबंधच्या सबंध सरकले असावे. जी जागा एकेकाळी ध्रुवाजवळ होती ती आज दूर गेली असावी. कवच असे सरकायचे तर खालच्या दगडाशी ते घट्ट जोडलेले असून चालत नाही. म्हणजे समुद्र आहे याकडे बोट दाखवणारा हा आणखी एक पुरावा.

गुरूच्या उजेडात

पाचवे चित्र कॅमेऱ्याचे म्हणावे की नाही इथपासून प्रश्न. जुनोवर ‘स्टेलर रेफरन्स युनिट’ नावाचे उपकरण आहे. तारे पाहून यानाला आपली दिशा कळावी, एवढेच त्याचे काम. मंद तारे दिसावेत म्हणून ते अंधारात पाहायला बनवलेले. हायडी बेकर यांच्या गटाने ते युरोपाच्या रात्रीकडे वळवले.

युरोपाच्या ज्या बाजूला रात्र होती तिथे सूर्य नव्हता, पण आकाशात प्रचंड गुरू होता. गुरूवर पडून परत फिरलेले ऊन बर्फावर सांडत होते. त्या परावर्तित उजेडात सुमारे ४१२ किलोमीटर उंचीवरून हे चित्र टिपले गेले. दीडशे किलोमीटर बाय दोनशे किलोमीटरांचा प्रदेश. त्यातले बारकावे २५६ ते ३४० मीटरपर्यंतचे. या प्रदेशाचे इतके स्पष्ट चित्र त्याआधी नव्हते.

काय दिसते त्यात? आधी रेषा. एकमेकींवरून गेलेल्या, जोडीजोडीने धावणाऱ्या बर्फाच्या कडा. त्यांच्या दोन्ही बाजूंना गडद डाग, जणू आतून काही वर येऊन पसरले असावे. आणि कोपऱ्यात एक विचित्र, सुमारे ३७ किलोमीटर बाय ६७ किलोमीटरांचा विस्कटलेला भाग. संशोधकांनी त्याला ‘प्लॅटिपस’ म्हणायला सुरुवात केली, कारण त्याचा आकार त्या ऑस्ट्रेलियन प्राण्यासारखा. त्यात उंचवटे आहेत, बर्फाचे मोठे तुकडे आहेत, गडद तांबूस-तपकिरी पदार्थ आहे. शेजारच्या कडा त्याच्या हद्दीशी येऊन तुटतात, म्हणजे कडा आधीच्या आणि हा भाग नंतरचा. या परिसरातला तो सर्वांत ताजा भाग ठरला. खालचे खारे पाणी जवळ आले असावे आणि बर्फ विस्कटला असावा, असा अर्थ डिसेंबर २०२३ मधल्या निबंधात लावला गेला.

पाण्याचे फवारे मात्र या पाचांपैकी एकाही चित्रात दिसले नाहीत. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर ‘कॅसिनी’ यानाने ते ठळक टिपले होते आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अवघ्या ४९ किलोमीटरांवरून ते त्यांतून आरपारही गेले. युरोपावर हबल दुर्बिणीला फवाऱ्याच्या खुणा आढळल्याचे दावे झाले आहेत. जुनोच्या वेळी ते उडत नव्हते, किंवा दिसण्याइतके मोठे नव्हते. एवढेच म्हणता येते.

डिचोलीचा दगड आणि युरोपाचे वय

विवरे थोडी म्हणजे पृष्ठभाग तरुण. उल्का सर्वत्रच आदळतात. जिथे त्यांच्या खुणा पुसल्या गेल्या तिथे जमीन नवी झालेली असते. या हिशेबाने युरोपाच्या पृष्ठभागाचे वय चार ते नऊ कोटी वर्षांच्या दरम्यान धरले जाते. आंबोलीच्या घाटातला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. दख्खनच्या ज्वालामुखीचा तो लाव्हा. म्हणजे आंबोलीचा कडा आणि युरोपाचा बर्फ साधारण एकाच पिढीचे.

डिचोलीचे तसे नाही. भूशास्त्रात गोव्यातल्या खडकांच्या एका थराला या तालुक्याचेच नाव आहे: ‘बिचोलिम फॉर्मेशन’. ज्यातून लोहखनिज निघते ते पट्टेदार लोहयुक्त खडक याच थरातले. त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास. ज्या खाणींच्या काठाने साखळी, मये, मुळगावचे लोक रोज येजा करतात, त्यांच्या कडेचा दगड युरोपाच्या सबंध पृष्ठभागापेक्षा पंचवीस-तीस पटींनी किंवा त्याहूनही जुना आहे. आकाशातले ते प्राचीन आणि पायाखालचे ते कालपरवाचे, असे आपण उगीच धरून चालतो.

रंगाबाबतही सावध राहावे लागते. उपग्रहाच्या चित्रात डिचोली तालुका लगेच ओळखू येतो. हिरव्या डोंगरांवर तांबडे ओरखडे, पायऱ्यापायऱ्यांनी खणलेले खड्डे, त्यांत साठलेले हिरवट-निळे पाणी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले तेव्हापासून कित्येक खड्ड्यांत पावसाचे पाणी वर चढत गेले. युरोपाचे रंग वाढवलेले चित्र त्याच्या शेजारी ठेवले तर तांबड्या रेषा दोन्हीकडे. पण डिचोलीचा तांबडा लोखंडाच्या गंजाचा. युरोपावरचा बहुधा क्षारांचा आहे. खालून आलेल्या खाऱ्या पाण्यातले मीठ आणि गंधकाचे क्षार, त्यांवर गुरूच्या भोवतीच्या तीव्र किरणोत्साराचा मारा, त्यातून रंग बदलतो. प्रयोगशाळेत साध्या मिठावर असा मारा केला की पांढरे मीठ पिवळसर पडते. चित्रे सारखी दिसली म्हणून कारण सारखे नसते, हे खाणीच्या मुलखात राहणाऱ्याला अधिक चांगले समजते. इथली तांबडी माती आणि तांबडी वाट बघून खालून खनिज निघेल की नुसता जांभा, हे खणल्याशिवाय कळत नाही.

किरणोत्साराचा मारा आणखी एक काम करतो. तो बर्फातल्या पाण्याचे रेणू फोडतो. जुनोच्या त्याच फेरीतल्या मोजणीवरून युरोपावर सेकंदाला सुमारे १२ किलो, म्हणजे दिवसाला साधारण हजार टन ऑक्सिजन तयार होतो असे २०२४ मध्ये ठरले. आधीच्या बऱ्याच अंदाजांपेक्षा हा आकडा कमी आहे. त्यातला काही भाग खालच्या समुद्रात झिरपत असेल तर तिथे जीवाला लागणारे रसायन पोचण्याची वाट आहे.

बर्फ किती जाड, हा सर्वांत अवघड प्रश्न. जुनोचा सूक्ष्मलहरी मापक त्या फेरीत युरोपाच्या बर्फाच्या आतले तापमान टिपत होता. त्यावरून वरचे थंड, कडक कवच सरासरी सुमारे २९ किलोमीटर जाड असावे असा हिशेब डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या भेगा थेट समुद्रापर्यंत जात असतील ही आशा त्याने कमी केली.

सड्यावरचा बर्फ

बर्फ वाचायची विद्या गोव्यात आहे, हे गोव्याबाहेर फारसे माहीत नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते. ९ जानेवारी १९८२ रोजी ती अंटार्क्टिकावर पोचली. पुढे २५ मे १९९८ रोजी वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाची संस्था उभी राहिली. आज तिचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधले हिमाद्री, हिमालयातले हिमांश ही केंद्रे इथूनच चालतात.

इथे उणे वीस अंशांत ठेवलेले बर्फाचे दंडगोल आहेत. अंटार्क्टिकात खोल भोक पाडून ते काढतात, गोठलेल्या अवस्थेत जहाजाने आणतात आणि थरांचा अभ्यास करतात. एकेक थर म्हणजे एकेक काळची हवा, धूळ, ज्वालामुखीची राख. बाहेर वैशाखाचे ऊन आणि आत जाड कपडे घातलेला माणूस करवतीने बर्फ कापतो आहे. वास्कोच्या त्या सड्यावर हे रोजचेच.

युरोपावर कोणी भोक पाडायला जाणार नाही, निदान इतक्यात नाही. म्हणून तिथल्या चित्रातली आकृती पृथ्वीवरच्या कोणत्या बर्फात दिसते याचा शोध घेतात. युरोपाच्या जोडकडा याचे चांगले उदाहरण. दोन समांतर कडा आणि मध्ये घळ, अशी रचना तिथे हजारो ठिकाणी आहे आणि ती का होते यावर वाद होता. एप्रिल २०२२ मध्ये, जुनोच्या फेरीच्या पाचच महिने आधी, संशोधक रायली कल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलँडमध्ये तशीच, पण काही मीटरच उंचीची जोडकडा दाखवली. रडारने खाली पाहिल्यावर कळले की पृष्ठभागाजवळ पाण्याचा साठा होता, तो गोठताना फुगला आणि त्याने वरचा बर्फ दोन्ही बाजूंनी उचलला. युरोपावरही तसे असेल तर पाणी फक्त अनेक किलोमीटर खोलच नव्हे, तर वरच्या बर्फातही अडकलेले असू शकते.

अंटार्क्टिकानेही असाच एक नमुना दिला. व्होस्तोक इथे सुमारे पावणेचार किलोमीटर बर्फाखाली मोठे सरोवर आहे. ऊन तिथे कधी पोचलेले नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत रशियन पथकाने तिथवर भोक नेले. भारताचे मैत्री केंद्र ज्या शिर्माकर ओॲसिसमध्ये आहे तिथे शंभराहून अधिक लहानमोठी सरोवरे आहेत. त्यांवरच्या बर्फाचा आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास भारतीय करीत आले आहेत. युरोपाचे चित्र पाहणाऱ्याला अखेर या बर्फाकडे यावेच लागते.

पेडण्याचा काळोख

युरोपाचा ठिपका पाहायचा तर आकाश काळे हवे असे नाही. गुरू शहरातूनही दिसतो. पण आकाशाची सवय लागायची तर काळोखच हवा. उत्तर गोव्यात तो अजून थोडा शिल्लक आहे. हरमलच्या पुढे केरीच्या किनाऱ्यावर, पेडण्याच्या आतल्या वाड्यांवर, डिचोलीच्या पलीकडे दोडामार्गच्या बाजूला. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंदच असते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ खरा.

गोव्यात हौशी खगोल निरीक्षणाला संस्थेचे रूप दिले ते पर्सिव्हल नोरोन्हा यांनी. शासकीय अधिकारी, इतिहासाचे अभ्यासक आणि आकाशाचे वेडे. १९८२ मध्ये त्यांनी ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ स्थापन केली. २०१९ मध्ये ते गेले. पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर या संस्थेने चालवलेल्या वेधशाळेत गोव्यातल्या कितीतरी मुलांनी शनीची कडी आणि गुरूचे चंद्र पहिल्यांदा पाहिले.

आता काळोख मागे हटतो आहे. मोपाच्या सड्यावरचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली, म्हणजे जुनोच्या फेरीनंतर चार महिन्यांच्या आत. विमानतळाला दिवे लागणारच. पण त्याच्याबरोबर रस्ते, हॉटेले आणि फलक आले की वर पाहणाऱ्याचे आकाश फिके पडते. काळोखाची गरज फक्त तारे बघणाऱ्यांची आहे असेही नाही. मोरजी आणि मांद्रेच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे असले की ती दर्याऐवजी जमिनीकडे वळतात. तिथे दिवे झाका, असे सांगितले जाते ते याच कारणाने. नको तिकडून आलेला उजेड माणसाला चित्र चुकीचे वाचायला लावतो आणि कासवाला वाट चुकवतो.

पुढची एकोणपन्नास चित्रसत्रे

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘युरोपा क्लिपर’ यान निघाले आहे. मंगळाजवळून ते १ मार्च २०२५ ला गेले. डिसेंबर २०२६ मध्ये पृथ्वीजवळून वेग घेईल आणि एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. किरणोत्सार फार असल्याने तेही युरोपाभोवती फिरत राहणार नाही. गुरूभोवती फिरत युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, काही वेळा अवघ्या २५ किलोमीटरांवरून. त्याच्या कॅमेऱ्याला काही ठिकाणी अर्ध्या मीटरपर्यंतचे दिसेल. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘ज्यूस’ यान एप्रिल २०२३ मध्ये निघाले. ते जुलै २०३१ मध्ये पोचून युरोपाजवळून दोनदा जाईल आणि मुख्य काम गॅनिमीडवर करील.

क्लिपरचा खरा फायदा बारकाव्यांच्या आकड्यापेक्षा फेऱ्यांच्या संख्येत आहे. एकोणपन्नास फेऱ्या म्हणजे कितीतरी जागा वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळ्या उजेडात. ग्वेर्नसारखी प्रकरणे तेव्हा निकालात निघतील. आज ठाम वाटणारे काही त्यात खोटे ठरेल, आणि त्यात प्लॅटिपसचाही नंबर लागू शकतो. आजवर त्याचे चांगले चित्र एकच आहे, तेही गुरूच्या उजेडातले.

म्हणून नवी चित्रे छापून येतील तेव्हा पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या शाळेतल्या मुलांनी त्यांना चार प्रश्न विचारावेत. सूर्य कोणत्या बाजूला होता? यान किती उंचीवर होते? रंग मूळचे की वाढवलेले? आणि हीच जागा दुसऱ्या उजेडात कोणी पाहिली आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चित्राच्या माहितीतच असतात, शोधली तर सापडतात. जुनोकॅमच्या करड्या पट्ट्या आजही खुल्या आहेत. साधा संगणक आणि थोडे गणित असले की त्या जुळवण्याचा सराव आतापासून करता येतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर बातमी कितीही मोठी असो, ती नकाशावर पेन्सिलीने लिहावी.